पाती फिरवणाऱ्यांचा दिवस

१८ एप्रिल २०१२, बुधवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेटन, म्हणजे राइट बंधूंचं गाव. तिथल्या हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयामागे एरवी बंद असणारी एक धावपट्टी आहे. तिच्या कडेला बी-२५ मिचेल जातीची वीस बॉम्बफेकी विमानं उभी आहेत. आदल्या दिवशी ती अर्बाना गावच्या ग्राइम्स फील्डवरून उडून इथे उतरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं टोकियोवर केलेल्या डूलिटल हल्ल्याला आज ७० वर्षं झाली. त्या हल्ल्यातल्या ८० जणांपैकी पाच हयात आहेत आणि चौघे डेटनला आले आहेत. त्यांच्या डोक्यावरून ही वीस विमानं एकत्र जाणार आहेत. छायाचित्रं वैमानिकांची निघतील. आपण घड्याळ लावू ते मेकॅनिकांचं.

उजाडण्याआधी

पहिलं काम हातांचं. बी-२५ च्या प्रत्येक पंखावर राइट कंपनीचं आर-२६०० इंजिन असतं: चौदा सिलिंडर दोन वर्तुळांत, ताकद सुमारे १,७०० अश्वशक्ती. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत साठतं. तेल दाबलं जात नाही. त्यामुळे तसंच स्टार्टरचं बटण दाबलं तर दट्ट्या तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो तिथल्या तिथे मोडला तर नशीब, कारण वाकलेला रॉड पुढच्या एखाद्या उड्डाणात हवेत मोडू शकतो.

म्हणून सुरू करण्याआधी प्रोपेलर हातानं फिरवायचा. एकानं पातं खाली ओढून बाजूला व्हायचं, की मागच्यानं पुढचं धरायचं. सगळे मिळून मोजतात, दहा, बारा, पंधरा पाती. मध्येच पातं अडलं तर जोर लावायचा नाही. उलटं फिरवायचा मोहही आवरायचा, कारण तेल मागे इनटेकच्या नळीत जाऊन लपतं आणि इंजिन सुरू होताच परत येतं. खालचे प्लग काढायचे, तेल वाहू द्यायचं, प्लग पुसून लावायचे. एका सिलिंडरला दोन, म्हणजे एका विमानात ५६ प्लग. वीस विमानांचा हिशेब वाचकानं करावा.

हे करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि त्यांत निवृत्त माणसं पुष्कळ. इंजिनाखाली तेलाचे डाग दिसले की पाहुणे घाबरतात. मेकॅनिक मात्र डाग नसले की घाबरतो, कारण मग टाकीतच तेल नसावं.

साडेसातच्या सुमारास

इंधनाच्या टाक्यांच्या तळाचे नळ उघडून थोडं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यायचं. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. रात्रीच्या दवानंतर हे चुकवून चालत नाही. मग टायर, ब्रेक आणि हायड्रॉलिकच्या नळ्या.

१९४२ साली याच तारखेला ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावर घड्याळात ७:३८ झाले होते. ‘नित्तो मारू’ या जपानी टेहळणी बोटीनं ताफा पाहिला आणि बेत कोलमडला. जपान अजून सुमारे १,२०० किलोमीटर दूर होतं आणि विमानं ठरल्यापेक्षा दहा तास आधी सोडावी लागणार होती. जास्तीचं इंधन पाच-पाच गॅलनच्या डब्यांत भरून मागे रचलं. विमान हलकं करायचं म्हणून बऱ्याच गोष्टी आधीच काढून टाकल्या होत्या. शेपटीला तोफांऐवजी काळे रंगवलेले झाडूचे दांडे लावले होते, पाठलाग करणाऱ्यानं बिचकावं म्हणून. नॉर्डन हे गुप्त नेमयंत्र शत्रूच्या हाती पडू नये यासाठी त्याच्या जागी वीस सेंटांत बनवलेली साधी पट्टी बसवली होती. मला या हल्ल्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, शौर्याआधीचं हे सुतारकाम.

डेटनला आलेल्या चौघांत एडवर्ड सेलर आहेत, वय ९२, पंधराव्या विमानाचे इंजिनिअर-तोफची. समुद्रप्रवासात त्यांच्या विमानाचं एक इंजिन बिघडलं. जहाजावर ते उतरवून, खोलून, पुन्हा जोडून बसवायचं काम त्यांच्याकडे आलं. सुटे भाग मिळणार नाहीत, पायाखाली डेक हलतोय, आणि चूक झालीच तर ती स्वतःच समुद्रावर उडताना कळणार. आजचे पाती फिरवणारे सेलरांकडे ज्या नजरेनं बघतात ती सेनापतीकडे बघायची नसते.

आठ ते साडेनऊ

१९४२ च्या त्या सकाळी ८:२० ला हल्ल्याचे नेते जेम्स डूलिटल यांचं विमान उडालं. पुढे डेक मोकळा होता फक्त १४२ मीटर. शेजारच्या आसनावर सहवैमानिक रिचर्ड कोल. शेवटचं, सोळावं विमान उडालं ९:१९ ला. या एकोणसाठ मिनिटांत जे उडाले ते मागच्यांसाठी थांबले नाहीत. घिरट्या घालून रांग जमवायची तर इंधन जळतं. टोकियोकडे विमानं गेली ती एकेकटी, पाण्याला लागून. म्हणजे आज ज्या सुबक रचनेनं आदरांजली वाहायची, ती रचना त्या दिवशी नव्हतीच. शिवाय सोळापैकी एकही विमान परत आलं नाही. पंधरा चीनच्या भूमीवर नाहीतर किनाऱ्यालगत कोसळली, एक व्लादिवोस्तोकजवळ उतरलं ते सोव्हिएतांनी ठेवून घेतलं. डेटनच्या गवतालगतचं कुठलंच विमान टोकियोला गेलेलं नाही.

यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. खटकतं ते दुसरंच. उतरलेल्या वैमानिकांना चिनी शेतकऱ्यांनी लपवलं, खांद्यावर वाहिलं. त्याचा सूड म्हणून जपानी सैन्यानं चच्यांग आणि च्यांगशी प्रांतांत जी कत्तल केली, तिच्या बळींचे अंदाज अडीच लाखांपर्यंत जातात. त्यांच्यासाठी अशा दिवशी आकाशात जागा ठेवलेली नसते.

दहानंतर

डेटनला ब्रीफिंग. पुढारी कोण, कोण कुणाच्या कोणत्या बाजूला, कुठे वळायचं. नियम थोडके आणि कडक. पुढचं विमान नजरेआड झालं तर अंदाजानं तिथेच राहायचं नाही, ठरलेल्या बाजूनं बाहेर पडायचं. पुढारी हळूच वळतो, कारण त्याचं थोडंसं वळण शेवटच्याला मोठं पडतं. मागच्याचा हात थ्रॉटलवरून हलत नाही, पुढे-मागे, पुढे-मागे. ही जुनी इंजिनं त्या चाळ्यांवर खूश नसतात. एका विमानाला तासाला सुमारे साडेपाचशे लिटर पेट्रोल जातं, आणि पैसा देणगीचा.

अशी वाट पाहताना मला पुण्याचं लोहगाव आठवतं. युद्धानंतर कानपूरला बी-२४ लिबरेटर विमानं भंगारात सोडून दिलेली होती. पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती उडण्याइतपत सांधली आणि हवेतूनच बंगळूरला नेली. त्यांतून आपल्या हवाई दलाच्या बॉम्बफेकी स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. सहावी स्क्वाड्रन पुण्यातून याच विमानांनी समुद्रावर टेहळणी करी. १९६८ अखेर ही विमानं निवृत्त झाली, आणि त्यांतलंच एक नंतर अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं पुन्हा उडवलं. जुनी विमानं जपणाऱ्या जगात कानपूरच्या त्या भंगाराचं नाव आदरानं घेतलं जातं, आपल्याकडे फारसं नाही.

सुरुवात

आग विझवायचं नळकांडं घेऊन एकजण इंजिनासमोर, पण पात्यांपासून दूर. स्टार्टर कण्हतो, एखादा सिलिंडर खोकतो, निळसर धूर, मग बाकीचे जागे होतात. बी-२५ चा आवाज युद्धातही बदनाम होता, कारण जवळजवळ प्रत्येक सिलिंडरचा धूर स्वतंत्र आखूड नळीतून फेकला जातो. इथे तर चाळीस इंजिनं. कानावर संरक्षक लावूनही छातीत जाणवतं. तेलाचा दाब, मॅग्नेटोची तपासणी, खूण, चाकांचे ठोकळे काढले. आता मेकॅनिकच्या हातात काही उरत नाही. तो उभा राहून फक्त ऐकतो, आणि वीस विमानांतून आपलं ओळखतो.

दुपार

स्मृतिउद्यानात प्रार्थना आणि भाषणं. कोल ९६ वर्षांचे, टॉम ग्रिफिन ९५, डेव्हिड थॅचर ९०, आणि सेलर. हल्ल्यानंतर कोल मायदेशी आराम करायला गेले नव्हते. आसाममधून हिमालय ओलांडून चीनला माल पोचवणाऱ्या ‘हम्प’ मार्गावर त्यांनी विमानं उडवली. मग डोक्यावर ती वीस विमानं. यासाठी पहाटेपासूनचे तास, त्याआधी महिनोन्‌महिने, आणि दुरुस्ती मुळापासूनची असेल तर वर्षं. दिसतं काही मिनिटं.

संध्याकाळ

विमानं वेगवेगळ्या राज्यांतली, परतीच्या वाटा वेगळ्या. उतरल्यावर पुन्हा तेच: पंखांखालचं तेल चिंध्यांनी पुसायचं, काउलिंग उघडून गळती शोधायची, टाकीत किती तेल कमी झालं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. गेल्या वेळेपेक्षा जास्त गेलं असेल तर एखाद्या सिलिंडरच्या रिंगा गेल्या असाव्यात, आणि आर-२६०० चे भाग आता सहज मिळत नाहीत. कुणाकडे जुना साठा आहे याचे फोन रात्रीच सुरू होतात. उद्या सकाळी उडायचं तर पाती परत मोजावी लागणार.