बाईकवरून कॅम्पिंगला निघताय? आधी फोन तयार करा!

बाईकवरून कॅम्पिंगला जायचं ठरलं की तंबू, स्लीपिंग बॅग, ब्रेक, चेन, टायरमधली हवा अशी यादी लगेच तयार होते. फोनचं मात्र 'रात्री चार्ज करून ठेवू' एवढ्यावरच भागवलं जातं. पण विचार करा, नकाशा, पाकीट, लायसन्स, टॉर्च आणि अडचणीत मदत मागायचं साधन, हे सगळं आता त्या एकाच फोनमध्ये असतं. तो बंद पडला की पाचही गोष्टी एकदम बंद!

मी पुण्याहून दर हिवाळ्यात भंडारदऱ्याला बाईकने जातो, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊया. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि मग शेंडी. इथपर्यंत फोनची फारशी चिंता नसते. पुढे धरणाच्या कडेने रतनवाडी, घाटघर, साम्रदकडे वळलं की डोंगरांच्या आडोशाने नेटवर्क येतं-जातं. तंबू नेमके याच भागात लागतात. त्यामुळे इंटरनेट नसेल असं धरूनच तयारी करायची.

१. नकाशा घरूनच डाउनलोड करा

गूगल मॅप्समध्ये तुमच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि 'सिलेक्ट युअर ओन मॅप' निवडा. चौकोनात फक्त कॅम्पची जागा घेऊ नका, परतीचा आणि पर्यायी रस्ताही त्यात आला पाहिजे. ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता दिसतो, पण ट्रॅफिकची माहिती आणि पायी जायचा रस्ता मिळत नाही. रतनगडासारखा ट्रेक करणार असाल तर पायवाटांसाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड हे ॲप ठेवा. दोन्हींमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे ऑफलाइन चालतात.

बऱ्याच जणांना वाटतं, नेट नाही म्हणजे जीपीएस नाही. तसं नसतं. जीपीएसचा सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो, त्याला सिमकार्डही लागत नाही. फरक एवढाच की नेट असताना उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोन इंटरनेटवरून पटकन घेतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि तिचा वेग असतो सेकंदाला फक्त ५० बिट! म्हणून निळा ठिपका यायला कधी अर्धा मिनिट, कधी काही मिनिटं लागतात. अशा वेळी झाडाखालून बाहेर या, मोकळ्या आकाशाखाली थांबा आणि थोडा धीर धरा.

२. पॉवर बँकचं खरं गणित

'१०,००० एमएएचची पॉवर बँक, माझा फोन ५,००० एमएएचचा, म्हणजे दोनदा फुल चार्ज!' हा हिशोब चुकतो. पॉवर बँकेतला आकडा साधारण ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे आत ऊर्जा ३७ वॅट-अवर. फोनला देताना व्होल्टेज वाढवावं लागतं, त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर मावतात. हाताशी येतं ते सव्वा ते दीड चार्ज. पॉवर बँकेवर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, खरेदी करताना तोच आकडा बघा. दोन रात्री आणि दोन फोन असतील तर मी २०,००० एमएएचची नेतो.

आणखी एक. नेटवर्क नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणून तंबू लागला की फ्लाइट मोड लावा. बहुतेक फोनमध्ये तेव्हाही जीपीएस चालतो. आणि उजेडासाठी वेगळा हेडलॅम्प न्या, फोनचा टॉर्च फक्त गरजेपुरता.

३. हँडलवरचा फोन

बाईकवर यूएसबी चार्जर बसवणार असाल तर त्याला फ्यूज हवाच. वायर इग्निशनमधून घ्या, म्हणजे किल्ली काढल्यावर चार्जर बंद होईल. थेट बॅटरीला जोडलेला चार्जर चालू राहिला तर रात्रभर थोडा-थोडा करंट खातो आणि सकाळी सेल्फ लागत नाही. काम ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

माउंट घेतानाही जपून. मोठ्या इंजिनच्या बाईकच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरता आणि ऑटोफोकसची यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. अशी यंत्रणा इतरही बऱ्याच फोनमध्ये असते. कंपन शोषणारा माउंट घ्या, किंवा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून इअरफोनचा एकच कान लावून रस्ता ऐका. भर उन्हात चार्जिंग लावलेला फोन तापतो आणि चार्जिंग मंदावतं, हेही लक्षात असू द्या.

४. मदत कशी मागायची?

गेल्या डिसेंबरात रतनवाडीच्या रस्त्यावर खडीवरून आमच्यातल्या एकाची बाईक घसरली आणि मनगट मोडलं. फोनला जेमतेम एक कांडी. व्हॉट्सॲपच्या मेसेजवर घड्याळाचं चिन्ह तसंच राहिलं, पण साधा एसएमएस गेला. शेंडीत थांबलेल्या मित्राने तो वाचला, गावातली जीप घेऊन आला आणि तासाभरात आम्ही राजूरच्या दवाखान्यात होतो. एसएमएसला डेटा लागत नाही, अगदी कमजोर सिग्नलवरही तो निघून जातो. त्यात काय लिहायचं? जवळचं गाव, काय झालंय आणि जागेचे आकडे. गूगल मॅप्समध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. दशांशानंतर चार अंक पाठवले तरी जागा दहा-पंधरा मीटरच्या आत सापडते.

स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल तर ११२ लावून बघा. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो कॉल जाऊ शकतो. ग्रुपमध्ये सगळ्यांची सिम एकाच कंपनीची नसावीत, हेही आधीच बघा. लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीत रक्तगट, ॲलर्जी आणि घरचा नंबर भरून ठेवा. फोन लॉक असला तरी मदतीला आलेल्या माणसाला ती वाचता येते.

परदेशातून सॅटेलाइट फोन मागवायचा विचार असेल तर थांबा. भारतात तो परवानगीशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे.

५. घरच्यांना वेळ सांगा

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं आणि नेटवर्क गेलं की शेवटच्या जागेवर अडकतं. ठिपका हलत नाही म्हणून आई रात्रभर जागी राहते. त्यापेक्षा स्पष्ट सांगून जा: 'संध्याकाळी ६ नंतर फोन लागणार नाही. उद्या सकाळी ११ पर्यंत शेंडीहून फोन करतो. दुपारी २ पर्यंत आला नाही तर या नंबरवर विचारा.' तो नंबर कॅम्पवाल्या गावकऱ्याचा असू द्या. त्याला तुमची जागा नकाशापेक्षा जास्त चांगली माहीत असते.

आदल्या रात्रीची यादी

- फ्लाइट मोड लावून ऑफलाइन नकाशा उघडतो का ते तपासा.
- डिजिलॉकरमध्ये लायसन्स आणि आरसी आहे का बघा. नेट नसलं तर ॲप उघडेलच असं नाही, म्हणून मूळ लायसन्स आणि इतर कागद प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा.
- हवामान खात्याचं 'मौसम' आणि विजांची सूचना देणारं, पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप नेटवर्क असतानाच बघून घ्या.
- यूपीआयवर विसंबू नका, सुटे पैसे जवळ ठेवा.
- तीन महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

ही सगळी तयारी अर्ध्या तासात होते. त्यातलं एकच काम आज करणार असाल तर नकाशा डाउनलोड करा, आणि घरच्या वाय-फायवर असतानाच करा.