पहारेकरी घरचा की ठेक्याचा?

मराठीच्या प्राध्यापकाला आगीतले काय कळते, असे आपण विचाराल. हाच प्रश्न मीही आमच्या प्राचार्यांना विचारला होता. पण उन्हाळ्याच्या सुटीत नागपुरात सापडलेला मी एकटाच. तेव्हा ग्रंथालय-दुरुस्तीचे काम माझ्याच गळ्यात पडले.

काम तसे साधे होते. जुन्या लाकडी माळ्याखाली लोखंडी खांब जोडायचे; त्यासाठी चार दिवस वेल्डिंग. धूर दिसताच वाजणारी घंटा सारखी ठणाणा करू नये म्हणून तेवढे दिवस बंद. महिना मे, पुस्तके वाळून खडखडीत, आणि माळ्यावर पोथ्यांची दोन कपाटे! घंटा मुकी असेल तर माणसाने जागे राहिले पाहिजे. यालाच आगीचा पहारा म्हणतात. पहारेकऱ्याने दुसरे कोणतेही काम हाती घ्यायचे नाही; फिरायचे, पाहायचे, हुंगायचे, आणि काही दिसताच आधी सर्वांना हाक द्यायची.

आता हा पहारा आपल्या शिपायांनी करावा, की ठेकेदाराची माणसे आणावीत?

हिशेबनीस म्हणाले, ‘‘ठेकेदार! एक फोन केला की शिकवलेली माणसे हजर. आपला शिपाई दिवसभर राबतो. त्याचा डोळा लागला तर दोष कुणाचा?’’

मी मात्र शिपायांच्या बाजूने उभा राहिलो. घरच्या माणसाला घराची माया असते, असे एक छोटेसे व्याख्यानही दिले. मग ग्रंथालयाच्या शिपायांना मोठ्या कौतुकाने विचारले, ‘‘भाऊ, ठिणगी पडली तर काय कराल?’’

‘‘पाणी टाकीन, सर.’’

‘‘आणि विजेच्या बोर्डाने पेट घेतला तर?’’

‘‘जास्त पाणी टाकीन.’’

माझी बाजू तिथेच विझली. विजेच्या आगीवर पाणी म्हणजे टाकणाऱ्याच्याच जिवाशी गाठ.

ठेकेदाराचा माणूस आला. तरबेज होता. कोणत्या आगीला कोणते नळकांडे, खीळ कशी ओढायची, फवारा ज्वाळेवर नव्हे तर बुडाशी कसा धरायचा, सारे त्याला पाठ. पण त्याने विचारले, ‘‘सर, मेन स्विच कुठे आहे?’’ आणि वीस वर्षे तिथे वावरलेला मी गप्प! ते भाऊंना ठाऊक होते. मागच्या दाराची किल्ली कोणत्या खिळ्याला असते आणि कोणती खिडकी उघडत नाही, हेही.

तिसऱ्या दिवशी वेल्डर पाचला आवरून गेले. पहारेकऱ्याचा मोबदला तासावर होता. मी शहाणपणाने म्हणालो, ‘‘आता कसली आग? तुम्हीही जा.’’ ठिणगी फटीत, चिंधीत, कागदात गुपचूप धुमसत राहते, म्हणून काम थांबल्यावरही निदान तासभर पहारा ठेवायचा असतो, हे मला कुठे ठाऊक?

पावणेसहाला भाऊ कुलूप लावायला आले आणि दारातच थबकले. ‘‘सर, जळल्याचा वास येऊन राहिला.’’

माळ्याच्या फळ्यांत रद्दीचा एक गठ्ठा धुमसत होता, पोथ्यांपासून हातभर अंतरावर. जवळपास विजेची तार नव्हती. भाऊंच्या दोन बादल्यांनी भागले. माझे पाय मात्र रात्रीपर्यंत कापत होते.

त्या रात्री भंडारा आठवले. नागपूरपासून साठेक किलोमीटरवर, ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर, तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सात बाळे वाचली, दहा गेली. आणि देशभरचे अग्निशमन अधिकारी जिथे शिकतात, ते राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आमच्याच गावात आहे! विद्येच्या दारात राहून आम्ही अडाणी.

पुढे कायदा चाळला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने परवानाधारक संस्थेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. पण आगीची साधने नीट राखण्याचा भार इमारतीच्या मालकावर आणि ती वापरणाऱ्यावरच आहे. काम ठेक्याने देता येते. जबाबदारी देता येत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही दोघांनाही नेमले. ठेकेदाराचा माणूस शेवटच्या तासापर्यंत थांबला. भाऊ त्याच्या सोबतीला, पण दिवसाच्या कामातून मोकळे; शिवाय पहाऱ्याचे वेगळे पैसे. दर अर्ध्या तासाला फेरी आणि वहीत सही. वहीच्या पहिल्या पानावर जबाबदार माणसाचे नाव होते. ते माझे.

भाऊंना आता नळकांडे चालवता येते. मेन स्विच कुठे आहे, हे मलाही कळले आहे.

दिवाळीत आपल्या इमारतीवर फटाक्यांच्या ठिणग्या उडतील, तेव्हा पहारेकऱ्याला फराळाचे ताट द्याल ना? देताना एवढेच विचारा : गच्चीची किल्ली कुठे असते? त्याला सांगता आले नाही तर रागावू नका. आधी स्वतःला विचारून पाहा.