भिंती पिकवायला निघालेला माणूस

पेटंटचे जुने कागद चाळायची मला खोड आहे. वूल्फ हिल्बर्ट्झ यांचं १९८१ सालचं अमेरिकन पेटंट, क्रमांक ४२४६०७५, या खोडीतूनच हाती लागलं. प्रवाळ बेटांचे किनारे वाचवण्याच्या एका पद्धतीचं मूळ या कागदात आहे, पण शीर्षकात ना प्रवाळ, ना किनारा. तिथे आहेत खनिजांच्या थरांनी घडवलेले बांधकामाचे भाग. टेक्सास विद्यापीठात शिकवणाऱ्या या जर्मन वास्तुविशारदाला समुद्रात भिंती पिकवायच्या होत्या. शिंपला आपलं घर पाण्यातल्या चुन्यातून बांधतो, मग माणसाला ते का जमू नये?

कृती साधी आहे. लोखंडी सळ्यांचा पिंजरा पाण्यात सोडायचा आणि त्याला डीसी विजेचं ऋण टोक जोडायचं. धन टोक जवळच्या टायटॅनियमच्या जाळीला. दाब मोजक्या व्होल्टचा. सळीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे धरतात, भोवतालचं पाणी अल्कधर्मी होतं आणि चुना बसू लागतो. घाईने वीज वाढवली की मॅग्नेशियमचं भुसभुशीत पुट चढतं. दमाने घेतलं तर वर्षाला एक-दोन सेंटिमीटर टणक दगड मिळतो. इतकी कमी वीज पुरते म्हणून तर सौर पॅनेलवर भागतं. जिथे डिझेलसुद्धा बोटीने येतं, तिथे ही मोठीच सोय.

प्रवाळ या गोष्टीत आले ते जमैकाचे सागरी जीवशास्त्रज्ञ थॉमस गोरो यांच्यामुळे. तुटलेले प्रवाळ पिंजऱ्याला बांधले तर ते तिथेच धरतात, हे दोघांनी दाखवलं. प्रवाळ बेटावरची वाळू नदी आणून टाकत नाही. ती प्रवाळांचा, शिंपल्यांचा, चुनखडी शेवाळांचा चुरा असते. किनाऱ्यावर बांधलेली भिंत लाट परतवते आणि स्वतःच्याच पायथ्याची वाळू उकरते. सच्छिद्र प्रवाळरांग लाटेचा जोर जिरवते, शिवाय पुढची वाळूही तयार करते.

मालदीवमधल्या इहुरू बेटापुढे १९९७ मध्ये असा सुमारे ५० मीटर लांबीचा बांध घातला आणि त्यामागचा किनारा पुन्हा भरला. पुढच्याच वर्षी समुद्र तापला. आसपासचे ९५ टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले, पिंजऱ्यांवरचे ५० ते ८० टक्के जगले, असं हे दोघं सांगतात. आकडे त्यांचेच, तेव्हा थोडं सावध राहिलेलं बरं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र अभ्यासात एकाच कुळातल्या दोन प्रवाळांनी विजेला वेगवेगळा प्रतिसाद दिला होता. किनारा भरतो हे मला पटतं. वीज सगळ्याच प्रवाळांना मानवते, हे नाही.

हिल्बर्ट्झ यांचं मन मात्र भिंतींतच अडकलेलं. सेशेल्स आणि मॉरिशसच्या मधल्या साया दे माल्हा या बुडालेल्या पठारावर त्यांना आख्खं बेट उगवायचं होतं. १९९७ मध्ये ते तिथे गेले, २००२ मध्ये पुन्हा गेले आणि सौर विजेवर चालणारा पोलादी सांगाडा पाण्यात उतरवून आले. बेट काही उगवलं नाही. २००७ मध्ये हिल्बर्ट्झ वारले. त्यांना वेडा म्हणणाऱ्यांशी भांडावंसं वाटतं, पण या बाबतीत जीभ चावावी लागते. निर्मनुष्य समुद्रात तुटलेली वायर जोडणार कोण? वीज थांबली की चुना चढायचा थांबतो आणि उघड्या लोखंडाला गंज धरतो. सूर्य फुकट असला तरी देखभाल फुकट नसते.

आपल्या देशात झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने गुजरात वनखात्याबरोबर जानेवारी २०२० मध्ये मिठापूरजवळ प्रवाळांच्या पिंजऱ्यांचा हा प्रयोग मांडला. खरी निकड लक्षद्वीपला आहे. तिथलं पराळी-१ हे निर्जन बेट पार धुऊन गेलं. कवरत्तीच्या किनाऱ्यावर मात्र मरीन ड्राइव्हसारखेच टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चौपायी ठोकळे. यापुढे टेट्रापॉडची निविदा काढताना वस्तीच्या एखाद्या बेटावर ५० मीटर किनारा तरी या पिंजऱ्यांसाठी राखावा, आणि वायरची निगा राखायला तिथल्याच दोन मच्छीमारांना पगारावर नेमावं.