हिवाळ्यातील घरदुरुस्ती आणि धान्याची राखण

खरिपाची मळणी उरकली आहे आणि रब्बीची पिके वाढीस लागली आहेत. मार्गशीर्ष-पौषातील या दिवसांत शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. भिंतींतील पावसाळी ओल सुकलेली असते, थंडीमुळे धान्यातील किडींची वाढही मंदावलेली असते. तूर, हरभरा, गहू व रब्बी ज्वारी घरात येण्यापूर्वी साठवणीची जागा नीट करून घेण्यास याहून योग्य काळ नाही.

मागे एकदा ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, एका शेतकरी बंधूच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. त्यांनी कणगीतील तूर ओंजळीत घेऊन दाखविली. जवळजवळ प्रत्येक दाण्यास भोक पडलेले होते. कणगी नवी होती. परंतु ती ओलसर भिंतीस टेकलेली होती, तळाशी उंदरांनी बीळ केले होते आणि झाकण म्हणून वर एक जुने पोते टाकलेले होते. वर्षाच्या डाळीबरोबर पेरणीचे बियाणेही गेले. हे नुकसान टाळण्यास पैसा फारसा लागत नाही. घरच्या माणसांचे चार-सहा दिवसांचे श्रम पुरतात.

जमीन व भिंती

प्रथम खोली रिकामी करून झाडावी. जुने किडके धान्य व केरकचरा जाळून टाकावा, कारण किडी त्यातच दडून राहतात. उंदरांच्या बिळांत काचेचे तुकडे व मुरूम ठासून वरून सिमेंटचा गिलावा करावा. बोट शिरेल एवढी फटही उंदराच्या पिलास पुरते, हे ध्यानात ठेवावे. भिंतींच्या भेगा चिखलाने बुजवून चुन्याचा हात द्यावा. छपराची फुटकी कौले आताच बदलावीत.

कणगीचे लिंपण

बांबूच्या, निरगुडीच्या किंवा तुराट्यांच्या कणगीचे जुने, पोपडे आलेले लिंपण खरवडून काढावे. चिकण मातीत भुसा व शेण मिसळून ती तीन-चार दिवस भिजवावी आणि पायांनी चांगली तुडवावी. आतून व बाहेरून पहिला थर देऊन तो पुरता वाळू द्यावा. वाळताना पडलेल्या भेगा दुसऱ्या थराने बुजवाव्यात. कणगी भिंतीपासून हातभर दूर, दगडविटांच्या ओट्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून ठेवावी.

नवी कोठी बांधावयाची असल्यास पुसा कोठीचा विचार करावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या या कोठीत मातीच्या कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यामुळे बाहेरची ओल आतील धान्यास लागत नाही.

धान्य भरताना

तुरीवरील भुंगेऱ्याची लागण शेतात, शेंगांवरच सुरू होते. म्हणून घर कितीही नीट केले तरी धान्य कडक वाळविणे आवश्यक आहे. तृणधान्यात १२ टक्क्यांहून आणि कडधान्यात १० टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर तो वाळला असे समजावे. उन्हातून काढलेले धान्य निवल्यावरच भरावे. गरम धान्य कोंडल्यास त्यास पाणी सुटते. जुनी पोती उलटी करून, उकळत्या पाण्यात बुडवून, उन्हात खडखडीत वाळवावीत. खाण्याच्या कडधान्यास किलोमागे ५ मिलिलिटर गोडे तेल चोळल्यास भुंगेऱ्यास आळा बसतो. भरल्यावर कणगीचे तोंड लिंपून बंद करावे.

विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या मात्र राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्या वायूने माणसे दगावलेली आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या महिन्यात निदान एका घरी असे लिंपण सर्वांसमक्ष करून दाखवावे. लिंपणाचे काम गावातील भगिनींस उत्तम अवगत असते. त्यांनाच पुढे करावे. शेतात पिकलेला दाणा पेरणीपर्यंत शाबूत राहिला, तरच वर्षभराच्या कष्टांचे चीज झाले असे म्हणता येईल.