हात थांबल्यावरही चालणारा धंदा

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली निघालं. तोळे-मासे आणि ‘अंदाजाने’ यांना फाटा देऊन वाटी-चमच्याच्या मापात सांगितलेला स्वयंपाक हे त्याचं वैशिष्ट्य. लाखाच्या वर प्रती खपल्या, कितीतरी मुलींच्या सामानात तो ग्रंथ सासरी गेला. कमलाबाई १९९९ साली गेल्या. भारतीय कायद्याच्या हिशेबाने त्यांनी लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क मात्र ३१ डिसेंबर २०५९ पर्यंत जिवंत आहे. म्हणजे १९७० मध्ये नव्या नवरीने घेतलेलं पुस्तक तिच्या पणतीने २०५८ मध्ये नव्याने विकत घेतलं, तरी हा हक्क त्या वेळी ज्याच्याकडे असेल त्याला विचारल्याशिवाय ती प्रत छापता आलेली नसेल!

घरबसल्या उद्योग म्हटलं की आपल्याकडे पोळीभाजीचे डबे, पापड-लोणची, शिकवण्या, शिवणकाम. सगळे अगदी मानाचे, पण त्यांचा एक कडक नियम आहे. आज डबे केले तर आजचे पैसे. ताप आला की उत्पन्नालाही सुट्टी. आणि त्याच ओट्याशी, त्याच बाईने, त्याच आमटीची कृती कागदावर नीट लिहून काढली की नियमच बदलतो. आमटी संध्याकाळपर्यंत संपते; लिहिलेल्या कृतीची हजारावी प्रत विकली जाते तेव्हा लिहिणारी दुपारची झोपलेली असली तरी चालतं.

ही जादू कष्टांत नाही. डब्याचे कष्ट काही कमी नसतात. जादू आहे ती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, आणि तीही फार साध्या शब्दांत. स्वतंत्रपणे लिहिलेला मजकूर कागदावर उतरला त्या क्षणी हक्क जन्मतो. अर्ज नको, शिक्का नको. नोंदणी करता येते, वाद झाला तर पुरावा म्हणून ती कामाला येते, पण हक्क तिच्यावाचून अडत नाही. लेखकाच्या हयातभर, आणि निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षं तो टिकतो.

याच कायद्याचं सतरावं कलम मला फार आवडतं. त्याचा मथितार्थ असा, की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता; पण नोकरीचा भाग म्हणून, पगार घेऊन लिहिलं असेल तर मालकी सहसा नोकरी देणाऱ्याची. कचेरीत बसून आयुष्यभर उत्तम अहवाल लिहिणाऱ्या माणसाच्या हाती निवृत्तीच्या दिवशी त्यातली एक ओळही उरत नाही. आणि जेवणाच्या टेबलावरची भांडी सरकवून लिहिणाऱ्या बाईला साहेब नसतो, म्हणून पहिल्या शब्दापासून ती स्वतःच मालक. ‘ती काय, घरीच असते’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यांच्या बाजूने हे कलम उभं आहे.

आता कुणी म्हणेल, कांदेपोह्यांवर कसला आलाय हक्क? बरोबर, नाहीच. पोहे भिजवावेत, फोडणीत मोहरी-हिंग-हळद पडावी, ही माहिती सगळ्यांची. हक्क असतो तो सांगण्याच्या पद्धतीवर: वाक्यांवर, मांडणीवर, ‘फार ढवळू नका, लगदा होईल’ या खास सूचनेच्या खास शब्दांवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात ही रेघ स्पष्ट ओढली. आपल्या नाटकावरूनच ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट बेतला, असं नाटककाराचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती अभिव्यक्तीवर. नाटककार हरला. कठोर वाटतं, पण हीच रेघ नसती तर पहिल्या पाककृतीच्या पुस्तकानंतर दुसरं निघालंच नसतं.

गाण्यात तर ही मालकी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’ घ्या. गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचं. कायद्याच्या मोजणीने चित्रपटावरचा आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रदर्शनापासून ६० वर्षांचा, म्हणजे २०२० च्या अखेरीस संपला. गदिमा १९७७ साली गेले, तेव्हा शब्दांवरचा हक्क २०३७ पर्यंत. फडके २००२ साली गेले, तेव्हा चालीवरचा २०६२ पर्यंत. कानाला एकच गाणं ऐकू येतं, कायद्याला मात्र त्यात निरनिराळ्या तारखांना संपणाऱ्या मिळकती दिसतात.

पण हक्क किती वर्षं आहे आणि कुणाकडे आहे, हे दोन वेगळे प्रश्न. चित्रपटगीतांच्या बाबतीत १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या बाजूने कौल दिला: चित्रपटासाठी पैसे घेऊन गीत लिहिलं, चाल दिली, की एरवी ठरलेलं नसेल तर त्याचा मालक निर्माता. गाणी रेडिओवर, लग्नांत, हॉटेलांत वाजत राहिली आणि कितीतरी गीतकार-संगीतकारांना मिळालेलं मानधन पहिलं आणि शेवटचं ठरलं. हे बदललं २०१२ च्या दुरुस्तीने. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला होता. आता चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा आहे, आणि तो सोडून देतो असं त्यांनी करारात लिहून दिलं तरी ते लिहिणं फोल. वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला देणं तेवढं चालतं. स्वतःची सहीसुद्धा तुमच्यापासून जो हक्क हिरावू शकत नाही, असे हक्क कायद्यात फार थोडे.

पुस्तक लिहिणाऱ्याला इतकं संरक्षण नाही. त्याला करार वाचावाच लागतो. एकरकमी पैसे घेऊन ‘सर्व हक्क कायमचे’ दिले, तर धंदा त्याच दिवशी विकला. छापील किमतीवर टक्केवारी ठरवली, तर धंदा आपला. मात्र कायदा इथेही एक मजेशीर उपकार करून ठेवतो. हक्क लिहून देताना मुदतच नमूद केली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे घाईत केलेल्या मोघम करारात मौन लेखकाच्या बाजूने बोलतं. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली: करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं आणि ज्याचा करारात स्पष्ट उल्लेख नाही, त्याचे हक्क त्या करारात गेले असं धरता येत नाही. उद्या कुणी नवंच काही यंत्र काढलं, तर त्यासाठी लेखकाच्या दारी पुन्हा यावं लागेल.

आकड्यांबद्दल मात्र भाबडं राहू नये. समजा तीनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, हजाराची आवृत्ती. सगळी संपली तर तीस हजार रुपये. संपायला दोन वर्षं लागली, तर महिन्याला साडेबाराशे. त्यात घर चालत नाही. गॅस सिलिंडर आणि थोडी भाजी येते. हे उत्पन्न भरतं ते एका पुस्तकाने नव्हे, तर साठत गेलेल्या दहा-बारा शीर्षकांनी, ज्यातलं एखादं अचानक वीस वर्षं चालतं. कोणतं चालेल हे आधी कुणालाच कळत नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंनी एका नाटकाचे हक्क नातवाला नवव्या वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले. १९५२ साली लंडनमध्ये सुरू झालेलं ते ‘द माउसट्रॅप’, करोनाने पाडलेला खंड सोडला तर, अजून चालूच आहे. वाढदिवसाला सायकल मिळाली असती तर त्या मुलाला कदाचित जास्त आनंद झाला असता!

‘घरी बसा, पैसे आपोआप येतील’ असं सांगत जे लोक साखळीत ओढू पाहतात, त्यांचंही दुकान याच स्वप्नावर चालतं. ओळखायची खूण सोपी आहे. पैसा कुठून येतो ते विचारायचं. वाचकाने पुस्तक घेतलं, श्रोत्याने गाणं ऐकलं, म्हणून आला तर तो वाटा. तुमच्यानंतर आलेल्या मेव्हण्याच्या प्रवेश-फीतून आला तर त्यासाठी १९७८ पासून वेगळा बंदी-कायदा आहे.

एवढं सगळं झालं तरी हक्काला शेवट आहे, आणि तो कधी कधी पुढे ढकललाही जातो. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. तेव्हा मुदत निधनानंतर ५० वर्षांची होती, त्यामुळे १९९१ संपताना त्यांचं साहित्य खुलं व्हायचं होतं आणि त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाला मिळणारी रॉयल्टी थांबायची होती. ऐनवेळी मुदत ६० वर्षांची झाली, १९९२ च्या कायद्याने ती पक्की केली. एका कवीपायी झालेल्या या बदलाचा लाभ आज आपल्याकडच्या प्रत्येक लेखकाच्या वारसाला मिळतो, ‘रुचिरा’च्या मोजणीलाही.

साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ च्या पहिल्या दिवसापासून ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो. वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती बाजारात शेजारी शेजारी दिसतात, काही अगदी स्वस्त.

ही शेवटाची तारीख जिथे येतच नाही, असंही एक उदाहरण आहे. जे. एम. बॅरी यांनी १९२९ साली ‘पीटर पॅन’चे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. लेखक १९३७ साली गेले, ब्रिटनमधली मुदत १९८७ अखेर संपली. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने नव्या कॉपीराइट कायद्यात खास या एका नाटकासाठी तरतूद केली: नाटकाचे प्रयोग होत राहतील, प्रती विकल्या जातील, तोवर ब्रिटनमधली रॉयल्टी रुग्णालयाला मिळत राहील, मुदतीविना.