आतल्या खोलीतला टीव्ही : आधी टेप, मग दुकान

 

गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचतो, तेव्हा बियाणं, शेळी, दवाखाना, मुलांची फी ही कारणं नेहमीची असतात. दिवाळीआधीच्या बैठकीत मात्र एका ताईंच्या अर्जात लिहिलेलं होतं, ‘आतल्या खोलीसाठी ४३ इंची टीव्ही.’ दोघी-तिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, “अगं, एक टीव्ही आहे ना घरात? गटाचा पैसा काय करमणुकीला आहे?”

ताई शांतपणे म्हणाल्या, “आत्याबाईंचे गुडघे गेलेत. सहा महिने झाले, त्या आत कॉटवरच आहेत. बाहेरच्या टीव्हीपुढे पुरुषमाणसं. आत्याबाईंना कीर्तन लावावंसं वाटतं, दुपारची मालिका बघावीशी वाटते, पण रिमोट मागायचा कुणाला? त्यांना दिसतंही कमी, म्हणून मोठा हवा. दुकानात शून्य टक्क्यावर मिळतोय.”

मग कुणी हसलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दिवस किती लांब असतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी घरात पाहिलंय. अर्ज आम्ही नाकारला नाही, पण लगेच मंजूरही केला नाही. आधी दोन कामं करायचं ठरलं : खोली मोजायची आणि आत्याबाईंचे डोळे तपासून घ्यायचे. त्यातून आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, इंच म्हणजे काय? ३२ इंची टीव्ही म्हणजे ३२ इंच रुंद नव्हे. हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं घेतलेलं असतं. ३२ इंची पडदा साधारण २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच असतो. ४३ इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच. बाजूची कड थोडी वेगळी. दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये ५५ इंचीच्या शेजारी ४३ इंची लहान दिसतो, तोच घरी आणला की कपाटाचं दार उघडत नाही. म्हणून शिवणकामाची टेप घ्या, वर्तमानपत्राचे कागद चिकटवून तेवढा चौकोन करा आणि भिंतीवर लावून बघा. बिनपैशाचं काम आहे, पण डोळ्यांना लगेच अंदाज येतो.

दुसरी गोष्ट, अंतर. बघणाऱ्याच्या डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत मोजायचं. कॉटच्या कडेपासून नाही, डोळ्यांपासून. टीव्हीच्या तिरक्या मापाच्या दीडपट ते अडीचपट अंतर साधारण बरं पडतं. म्हणजे ३२ इंचीसाठी चार ते साडेसहा फूट आणि ४३ इंचीसाठी साडेपाच ते नऊ फूट. ताईंच्या घरची आतली खोली आठ फुटी. कॉट भिंतीला लागून आडवी. डोळ्यांपासून समोरच्या भिंतीचं अंतर भरलं पाच फूट. हिशोब तिथेच झाला : ३२ इंची. हीच कॉट दहा फुटी खोलीत, उशी भिंतीकडे आणि पाय टीव्हीकडे अशी असती, तर अंतर आठ फुटांच्या आसपास भरलं असतं आणि ४३ इंची चालला असता. म्हणजे शेजारणीनं कोणता घेतला हे बघून आपल्याला उपयोग नाही. खोली आपली, तर मापही आपलंच.

“पण त्यांना दिसत नाही त्याचं काय?” हा ताईंचा प्रश्न होता, आणि म्हणूनच डोळ्यांची तपासणी. तालुक्याला नेल्यावर कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हातारपणी असं धूसर दिसायचंच, म्हणून घरातल्या कुणी मनावर घेतलं नव्हतं. मैत्रिणींनो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. एका डोळ्याची झाली आणि आत्याबाईंना तांदळातले खडे दिसायला लागले. घरातलं म्हातारं माणूस टीव्हीच्या जवळ जवळ सरकत असेल, आवाज वाढवा म्हणत असेल, तर टीव्ही बदलायच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मोठा पडदा हा काही मोतीबिंदूवरचा इलाज नाही.

तिसरी गोष्ट, भिंत आणि उंची. पूर्वीचा टीव्ही पेटीसारखा खोल आणि जड. त्याला टेबल लागायचं, म्हणून तो सोप्यातच असायचा. आताचा सपाट टीव्ही भिंतीला लागतो, ३२ इंची तर चार-पाच किलोचाच असतो, म्हणून तो आतल्या खोलीत येऊ शकला. पण वजन कमी असलं तरी भिंत धरणारी हवी. पक्क्या विटांची, सिमेंटची भिंत असेल तर स्टँड नीट बसतो. मातीची, कच्च्या विटांची किंवा ओल धरलेली भिंत असेल तर स्क्रू हळूहळू सैल होतो. अशा भिंतीवर टीव्ही टांगू नका. रुंद, बसकं टेबल किंवा भिंतीतला कोनाडा बरा. टेबलावर ठेवला तर मागून पट्ट्यानं बांधून ठेवा. लहान मूल टेबलाला धरून उभं राहतं, वायर ओढतं आणि टीव्ही अंगावर येतो. वायर लोंबकळू देऊ नका.

उंचीत तर बहुतेक घरांत चूक होते. टीव्ही देवाच्या फोटोसारखा उंच लावतात. बघणारा मान वर करून बसतो आणि रात्री मान दुखते. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीला असावा. कॉटवर टेकून बसणाऱ्यासाठी तो जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर येतो. खाली गादीवर बसून बघत असाल तर अडीच-तीन फुटांवर. आडवं पडून बघणारं माणूस असेल तर थोडा वर घ्या, पण मग पुढे खाली झुकणारा स्टँड मागा. दुकानात साधा, न हलणारा स्टँड देतात. झुकणारा हवा हे आधीच सांगावं लागतं.

खिडकीच्या बरोबर समोर टीव्ही लावू नका. दुपारी पडद्यावर खिडकीच दिसते. कॉट आडवी असेल आणि बघणारी बाजूला बसत असेल, तर दुकानात टीव्ही बाजूनंही बघा. काही पडदे समोरून छान दिसतात, पण बाजूनं रंग फिके पडतात.

आता दुकानातले शब्द. एलईडी म्हणजे पडद्यामागे एलईडी दिव्यांचा उजेड. आजचे स्वस्त टीव्ही बहुतेक याच जातीचे. एचडी रेडी, फुल एचडी आणि फोरके हे चित्रात किती बारीक ठिपके आहेत त्याचे प्रकार. फुल एचडीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, एचडी रेडीत त्याहून कमी, फोरकेत आडवे ३८४० आणि उभे २१६०. साधी चॅनेल आणि कीर्तन बघायला ३२ इंचीत एचडी रेडी पुरतो, फुल एचडी मिळाला तर उत्तम. एवढ्या पडद्यावर फोरकेसाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

आवाजाकडे मात्र लक्ष द्या. टीव्ही पातळ झाला तसे त्याचे स्पीकरही बारीक झाले आणि ते बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून असतात. दुकानात गाणं लावून दाखवतात. तुम्ही बातम्या लावायला सांगा. बोलणं स्पष्ट कळतं का, ते ऐका. हेडफोन लावायची सोय आहे का, हेही विचारा. एकाच खोलीत आजी बघतेय आणि नात अभ्यास करतेय, अशा घरात ती फार कामाला येते.

स्मार्ट टीव्ही घ्यावा का? स्मार्ट टीव्हीला इंटरनेट लागतं. मोबाइलचं नेट देऊन बघायचं तर तासाला साधारण एक ते तीन जीबी जातात, म्हणजे दिवसाचा पॅक एका सिनेमात संपतो. नेट नसेल तर डिश लागेल. डीडी फ्री डिशला दरमहा पैसे नाहीत, छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. एक गोष्ट लक्षात ठेवा : बाहेरच्या टीव्हीचा बॉक्स एकाच वेळी दोन खोल्यांत दोन वेगळी चॅनेल दाखवत नाही. आतल्या टीव्हीला वेगळा बॉक्स लागतो. तो खर्च टीव्हीच्या किमतीत धरा, नाहीतर आत परत बाहेरचंच चॅनेल दिसणार.

विजेचा हिशोब सोपा आहे. ५० वॅटचा टीव्ही रोज चार तास चालला तर महिन्याला सहा युनिट. ८० वॅटचा असेल तर साडेनऊच्या वर. टीव्हीच्या मागे वॅट लिहिलेले असतात, आणि ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट. जास्त तारे म्हणजे कमी वीज. वीज कडाडायला लागली की नुसता रिमोटनं बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि छत्रीची वायरही काढा.

आता पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या मापांच्या टीव्हीवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी ३२ इंचांपेक्षा मोठ्यावर २८ टक्के होता. त्यामुळे ‘मोठ्यावर कर जास्त’ असं कुणी आता सांगितलं तर ऐकू नका.

आणि ते शून्य टक्के. आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. समजा, टीव्हीची किंमत १५,००० आहे. रोख दिले तर दुकानदार १४,००० ला देतो. हप्त्यानं घेतला तर १,५०० चे दहा हप्ते, वर ५०० रुपये कागदपत्रांचे. झाले १५,५००. व्याज शून्य म्हणतात, पण १,५०० जास्त गेलेच की! आता तेच १४,००० गटातून घेतले, महिना एक टक्का, उरलेल्या रकमेवर व्याज आणि दरमहा १,४०० मुद्दल. दहा महिन्यांचं व्याज होतं ७७०. एकूण १४,७७०. म्हणजे ७३० रुपये वाचले, आणि ते ७७० कुठे गेले? आपल्याच गटाच्या पेटीत. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा : “रोख दिले तर कितीला?”

आमच्यातल्या दुसऱ्या एका बहिणीचा अनुभवही सांगायला हवा. तिनं आधीच्या वर्षी टीव्ही घेतला. बिलाऐवजी साधी चिठ्ठी घेतली, कारण त्यात पाचशे रुपये कमी झाले. खोका दोन दिवसांनी उघडला तर पडद्याला आतून चीर. दुकानदार म्हणाला, “तुमच्याकडूनच फुटला.” चिठ्ठीवर ना मॉडेल, ना नंबर, ना शिक्का. सांगायचं काय आणि कुणाला? फुटलेला पडदा वॉरंटीत सहसा येतही नाही. तो टीव्ही अजून तिच्या माळ्यावर आहे, आणि हप्ते मात्र तिनं सगळे भरले.

म्हणून पक्कं बिल घ्याच. त्यावर मॉडेल नंबर, टीव्हीचा स्वतःचा नंबर, तारीख आणि दुकानाचा जीएसटी नंबर हवा. वॉरंटी कार्डावर शिक्का हवा. खोका आणणाऱ्या माणसासमोर उघडा, टीव्ही चालू करा, पांढरं आणि काळं चित्र लावून डाग किंवा रेघ दिसते का बघा, मगच सही करा. तरी फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिथेही पहिला कागद मागतात तो बिलाचा.

शेवटची गोष्ट झोपेची. टीव्ही झोपायच्या खोलीत आला की रात्र लांबते. ताईंच्या घरी आजीच्याच खोलीत दहावीतली नात झोपते. घरात बसून ठरलं : रात्री साडेनऊला बंद. टीव्हीत ठरावीक वेळेनं आपोआप बंद होण्याची सोय असते, ती लावून घेतली. नातीचा अभ्यास चालू असताना आजी हेडफोन लावते.

संक्रांतीच्या आधी टीव्ही आला. ३२ इंची, कॉटसमोर, पावणेचार फुटांवर, थोडा पुढे झुकलेला. दुपारी शेजारच्या दोघी-तिघी निवडायला डाळ घेऊन त्या खोलीत जाऊन बसतात. रिमोट आत्याबाईंच्या उशाला असतो. कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही, आणि बैठकीत हसलेल्या मावशी परवा आमच्याकडे टेप मागायला आल्या होत्या.

तर मैत्रिणींनो, दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर एवढं लिहून न्या : कोण बघणार, डोळ्यांपासून भिंत किती फूट, भिंत कसली, खिडकी कुठे, वेगळा बॉक्स लागेल का, आणि रोख किंमत किती. हा कागद पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा. तुमच्या गावचा काही वेगळा अनुभव असेल तर तो आम्हाला जरूर कळवा.

पुन्हा भेटू. नमस्कार.