दूरचें ध्येय आणि आजचें समाधान

आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून एक वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आलें आहे: "एवढें एक होऊन जाऊं दे, मग सुखानें बसूं." पूर्वीं हें 'एवढें' म्हणजे मुलाची मॅट्रिक, मुलीचें लग्न किंवा कर्त्या पुरुषाची बढती असे, आज तें लोकसेवा आयोगाची परीक्षा, परदेशांतील उच्च शिक्षण किंवा घरावरील कर्जाचा शेवटचा हप्ता असतें. 'एवढें' बदलत जातें, 'मग' मात्र जागचें हलत नाहीं. एक इच्छा फळास आली कीं तिच्या जागीं दुसरी येऊन उभी राहते, आणि सुखानें बसण्याचा दिवस क्षितिजाप्रमाणें होता तितकाच दूर राहतो.

मनुष्यानें मोठें ध्येय धरूंच नये, असा याचा अर्थ कोणी केल्यास तो चुकीचा होय. प्रश्न निराळाच आहे. जें काम सिद्धीस जाण्यास दहा, वीस किंवा चाळीस वर्षें लागावयाचीं, त्याच्या मागें लागलेल्या माणसानें मधल्या हजारों दिवसांचें काय करावें? ते दिवस नुसते सोसावयाचे, कीं जगावयाचे?

येथें पहिली शंका अशी निघते कीं, समाधान हाच प्रगतीचा शत्रू नव्हे काय? असंतोष हेंच वैभवाचें मूळ होय, अशा अर्थाचें महाभारतांतील वचन या शंकेच्या पाठिंब्यास मोठ्या आवेशानें पुढें करण्यांत येतें. परंतु हें वचन कोणाच्या तोंडचें आहे, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें सभापर्वांत दुर्योधनानें काढलेलें आहे. राजसूय यज्ञांतील युधिष्ठिराचें ऐश्वर्य पाहून त्याच्या अंगाचा दाह होत होता. त्याला स्वतः नवीन असें कांहींच निर्माण करावयाचें नव्हतें. दुसऱ्यापाशीं आहे तें आपणांपाशीं नाहीं, एवढेंच त्याचें दुःख. त्या असंतोषांतून द्यूत निघालें, द्यूतांतून वनवास आणि वनवासांतून कुलक्षय. तेव्हां असंतोषाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. आपलें काम अजून हवें तसें उतरलें नाहीं, ही रुखरुख एक. आणि शेजाऱ्याचें ताट आपल्या ताटाहून भरलेलें आहे, ही जळजळ दुसरी. पहिली माणसाला उद्यां पुन्हां कामास बसविते. दुसरी त्याला आजच्या कामावरूनच उठविते. समाधानाचें वैर या दुसरीशीं आहे, पहिलीशीं नाहीं.

त्याच महाभारताच्या संशोधनाची कथा या बाबतींत फार बोधप्रद आहे. पुण्याचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालीं स्थापन झालें, आणि १९१९ सालीं तेथें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें काम सुरू झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं प्रमुख संपादकत्वाची धुरा १९२५ सालीं हातीं घेतली. देशांतील नाना लिप्यांतील बाराशेंहून अधिक पोथ्या या कामीं पाहण्यांत आल्या. कामाची पद्धत वरवर पाहतां अगदीं साधी होती. आंखलेल्या कागदावर श्लोकाचें एक एक अक्षर एका एका चौकोनांत लिहावयाचें, आणि मग एक एक पोथी वाचीत जाऊन, जेथें पाठ भिन्न असेल तेथें तो त्याच अक्षराखालीं नोंदवावयाचा. असा एक कागद पुरा झाला म्हणजे दुसरा.

सुखटणकरांच्या संपादनाखालीं आदिपर्व १९३३ सालीं व आरण्यकपर्व १९४२ सालीं पुरें झालें. १९४३ च्या जानेवारींत ते निवर्तले. त्यांच्या मागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं ती धुरा वाहिली, आणि १९६६ सालीं, म्हणजे आरंभापासून सत्तेचाळीस वर्षांनीं, तें काम तडीस गेलें. ज्यांनीं पाया घातला त्यांपैकीं अनेकांच्या दृष्टीस कळस पडला नाहीं. या विद्वानांच्या मनांत काय चालत असे, हें आपण सांगूं शकत नाहीं. पण त्यांच्या कामाची मांडणी मात्र आपणांस कांहीं सांगते. हें काम पर्वांत विभागलेलें होतें, पर्वें लहान लहान भागांत, आणि भाग शेवटीं एकेका श्लोकाच्या कागदांत. जो भाग तयार होई तो छापून बाहेर पडे. अठरा पर्वांची वाट पाहत बसत नसे. काम प्रचंड असलें, तरी संध्याकाळीं टेबलावर कांहीं तरी पुरें झालेलें असे. समाधानाला राहावयास जागा लागते. ती जागा या पुरेपणांत आहे.

दुसरें उदाहरण महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचें. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ति तयार करीत असतां तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, असें त्यांच्या मनांत आलें. ती प्रस्तावना वाढतां वाढतां पांच खंडांचा ग्रंथ झाला! पहिला खंड १९३० सालीं निघाला तेव्हां ते पन्नाशींत होते. पांचवा १९६२ सालीं पुरा झाला तेव्हां त्यांनीं ब्यायशी वर्षें गांठलीं होतीं. एकंदर पृष्ठें साडेसहा हजारांच्या वर गेलीं. हा गृहस्थ कांहीं अरण्यांत जाऊन बसलेला ऋषि नव्हता. मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करणारा, घरसंसार असलेला मनुष्य होता. सुरुवातीसच साडेसहा हजार पानांचा डोंगर डोळ्यांसमोर उभा केला असता, तर कदाचित् कोणाचीही छाती झाली नसती. हातांत होती ती एक प्रस्तावना. ध्येय पुष्कळदां असेंच, चालतां चालतां मोठें होतें. तें आरंभींच मोजून घेण्याची घाई आपणांसच असते.

परंतु विद्वानांचीं हीं उदाहरणें देऊन थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दूरच्या ध्येयाची किंमत केवळ ध्येय धरणाराच देत नसतो. त्याचें घरही ती देत असतें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, आणि १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्यास, एका झोपडींत नेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावें आणि चिखल तुडवीत हिंगण्याची वाट धरावी, असा त्यांचा त्या काळचा क्रम. पुढें १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. हा इतिहास सर्वश्रुत आहे. तथापि त्याची दुसरी बाजू पाहावयाची असल्यास त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें 'माझें पुराण' हें १९४४ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मकथन वाचावें. मिळकतीचा ओघ आश्रमाकडे वळला म्हणजे घरांतल्या चुलीला काय सोसावें लागतें, हें त्या माउलीनें आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. त्यांनीं पुढें स्वतःही आश्रमाच्या कार्यांत वांटा उचलला, हें त्यांचें मोठेपण. पण म्हणून तो भार हलका होता असें ठरत नाहीं.

आपल्या घरांतून याहून पुष्कळ लहान ध्येयांसाठीं हाच भार कोणा ना कोणावर पडत असतो. नवऱ्याच्या पदवीसाठीं पत्नी आपलें गाणें सोडते. मुलाच्या परीक्षेसाठीं घरांतलीं हसण्याबोलण्याचीं दारें दोन वर्षें बंद होतात. कर्ज फिटेपर्यंत म्हाताऱ्या आईची काशीयात्रा लांबणीवर पडते, आणि कर्ज फिटतें तेव्हां तिचे पाय उरलेले नसतात. ध्येयासाठीं कांहीं सोडावें लागतें हें खरें; पण जें सोडावयाचें तें कोणी सोडावयाचें, हा प्रश्न घरांतील सर्वांनीं एकत्र बसून, मोकळेपणानें विचारला पाहिजे. न विचारतां घेतलेला त्याग हा त्याग नव्हे. ती उधारी होय, आणि ती केव्हां ना केव्हां व्याजासह फेडावी लागते.

आणखी एक गोष्ट कटु असली तरी बोललीच पाहिजे. कांहीं ध्येयें सिद्धीस जातच नाहींत. स्पर्धेच्या परीक्षांत जागा थोड्या आणि उमेदवार लाखों, तेव्हां मनापासून अभ्यास केलेल्यांतही बहुतेकांच्या पदरीं नकारच यावयाचा. ज्यानें मधलीं चार वर्षें केवळ निकालासाठीं गहाण टाकलीं, त्याचीं तीं वर्षें निकालाबरोबरच बुडतात. पण ज्यानें त्या वर्षांत इतिहास समजून वाचला, वडिलांबरोबर पर्वती चढली, धाकट्या बहिणीला गणित शिकविलें, त्याच्या पदरीं निकाल कांहींही लागला तरी पुष्कळ उरतें. कर्वे तरुण असतांना मुरुडहून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास परीक्षेसाठीं गेले, आणि वयानें फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं! त्या दिवशींचें दुःख खरेंच असणार. पण ज्याचें पुढचें आयुष्य शंभरी ओलांडून गेलें, त्याचें भवितव्य त्या एका दारावर ठरलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

मग रोजच्या व्यवहारांत करावें तरी काय? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, मोठें काम असें कापावें कीं त्याचा एक तुकडा आज संपेल. आणि तो संपला म्हणजे संपला असें मानून वही मिटावी. दुसरी ही कीं, आपलें माप दुसऱ्याच्या यशाशीं किंवा शिखराच्या उंचीशीं न लावतां कालच्या आपणांशींच लावावें. तिसरी ही कीं, दिवसांतील एक घटका तरी अशी राखावी कीं जिचा ध्येयाशीं कांहीं संबंध नाहीं: मग ती तुळशीपुढल्या दिव्याची असो, नातवाबरोबरच्या गोष्टीची असो, वा गरम चहा घेत पत्नीशीं केलेल्या निरुद्देश गप्पांची असो. ती घटका कामांतून चोरलेली नसते. तिच्याच बळावर दुसऱ्या दिवशींचें काम उभें राहतें.

ज्याला आजचा दिवस गोड करून घेतां येत नाहीं, त्याला सिद्धीचा दिवसही गोड लागेल याची खात्री कोणी द्यावी? तोही शेवटीं एक दिवसच असतो. त्या दिवशींही सकाळीं दूध तापवावें लागतें, आणि सायंकाळीं दिवा लावावा लागतो. समाधान ही ध्येयाच्या शेवटीं मिळणारी बक्षिसी नसून वाटेवर लागणारी शिदोरी आहे. ती रोज ताजी बांधावी लागते, आणि ज्यानें बांधली त्यानें ती घरच्यांबरोबर वांटून खावी.